खोल्या लावणाऱ्या मॅडम

रिकामी खोली दिसली की आमच्या मॅडमचं डोकं उठायचं. माणूस उपाशी दिसला तर एखाद्या माउलीचा जीव कासावीस व्हावा, तसं त्यांचं खोलीच्या बाबतीत व्हायचं. व्हरांड्यातून जाता जाता त्या मधेच थांबायच्या, दार लोटून आत डोकवायच्या आणि विचारायच्या, "ही आत्ता काय करतेय?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, आत कुणी बाई बसली असेल. विचारणा खोलीबद्दल असायची. उत्तर आलं नाही की त्या दिवसाचं टाइमटेबल बदललंच म्हणून समजा.

त्या भूगोल शिकवायच्या. पण आमच्या कॉलेजातल्या कुणालाही विचारा, त्यांचा खरा विषय खोल्या हा होता. कुठला वर्ग कुठे, किती वाजता आणि कुणाचा बसेल, हे त्या ठरवायच्या. प्राचार्य सही करायचे. प्राचार्य भला माणूस, पण सही करण्यापलीकडे त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नाही आणि चांगलंही केलं नाही.

वडवणीकडून येणारी एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून धुरळा तुडवत गेलं की आमचं कॉलेज. मुळात ते सहकारी जिनिंग होतं. जिनिंग बुडालं आणि संस्थेने त्याच शेडमध्ये कॉलेज काढलं. आमच्याकडे एक सहकारी गोष्ट बुडाली की तिच्या जागेवर दुसरी निघते, जागा कधी वाया जात नाही. पण कापसाच्या गाठींसाठी बांधलेलं ते छप्पर इतकं उंच होतं की शिकवणाऱ्याचा शब्द वर जायचा, पत्र्यात अडकायचा आणि तिथेच राहायचा. चिमण्यांचं शिक्षण उत्तम चालू होतं.

मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी मॅडमनी मला एका रिकाम्या शेडमध्ये नेलं, फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, शिकवा. मी म्हटलं, मुलं कुठायत? त्या म्हणाल्या, मुलं आल्यावर कळून काय उपयोग? मी मनाचा हिय्या करून अर्धा तास भिंतींना कविता शिकवली. मॅडम एकदा मागे बसल्या, एकदा खिडकीपाशी, एकदा खांबाच्या आड. शेवटी उठून आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज तिसऱ्या बाकापाशी मरतो. तुम्हाला बुटकी खोली देते." पूर्वी जिथे मुनीम बसायचा ती लहानशी खोली मला मिळाली. तिथे मी जी काही दहा-पंधरा वर्षं बरी शिकवली, त्यातलं निम्मं श्रेय त्या बुटक्या छताचं आहे. माझं कुणीतरी असं कान देऊन ऐकलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

आमचं घर पाटोद्याच्या बाजारातलं, पिढीजात किराणा दुकानदारांचं. दारावर नंदी, आत गुळाच्या भेल्या. कोणतं पोतं खाली ठेवायचं, कोणतं वर, मिरचीशेजारी काय ठेवायचं नाही, हे बाळकडू मला मिळालेलं. त्यामुळे मॅडमचं काम बघताना इतर प्राध्यापक हसायचे तेव्हा मला हसू येत नसे. आमच्या वडिलांनाही कॉलेजचं हे दुकान रचायला जमलं असतं, पण त्यांचा माल जागचा हलत नव्हता. मॅडमचा माल चालता-बोलता होता, शिट्ट्या वाजवायचा आणि शुक्रवारी वडवणीच्या बाजाराला निघून जायचा.

एकाही खोलीला कुलूप लावायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कुणी लावलंच तर किल्ली शिपायाकडून मागून घ्यायच्या आणि कुलपासकट पिशवीत टाकायच्या. ती पिशवी चालताना खुळखुळायची. पोरं लांबूनच ओळखायची, मॅडम आल्या. एकदा इतिहासाच्या सरांनी 'इतिहास विभाग' अशी पाटी रंगवून दारावर ठोकली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या विभागात वाणिज्यचा वर्ग बसलेला. सर तणतणत आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, खोली कुणाची नसते. तासाची असते. तुमचा तास अकराला आहे, अकराला ती इतिहासाची होईल." सरांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. प्राचार्य तेव्हा स्वतःच व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, कारण त्यांच्या केबिनमध्ये मुलींची चाचणी चालू होती.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. जागा नाही, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "जागा नाही असं नसतं. कुणीतरी अडवून बसलेलं असतं." हे वाक्य त्यांच्याकडे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. नोकरी लागली तेव्हा त्या गावात भाड्याने खोली शोधत होत्या. एका घरमालकाने नाव-गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, कोणत्या वस्तीतले विचारलं. घरात बुद्धाची तसबीर आहे हे सांगायची वेळच आली नाही. तो म्हणाला, खोली न्हाई वो बाई. तो उभा होता त्याच्या पाठीमागेच ती खोली होती, दाराला कुलूप होतं. पुढे त्या सरकारी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन नर्सबायांबरोबर राहिल्या. हे सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्या बुटक्या खोलीत दुपारी ऊन कुठपर्यंत येतं? तो घरमालक आमच्याच गोतातला होता.

मग तो दुष्काळ आला.

पहिल्या वर्षी पेरणी वाया गेली, दुसऱ्या वर्षी पेरायलाच कुणी धजलं नाही. ऊस पाण्याविना जागेवर वाळला आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही. कारखान्याचे चेअरमन तेच आमच्या संस्थेचेही अध्यक्ष. त्यांनी जनावरांची छावणी उघडली आणि लांबून कडबा मागवला. कडबा आला, पण ठेवायचा कुठे? उघड्यावर ठेवला तर वारं नेतंय आणि माणसंही नेतायत. चेअरमननी निरोप धाडला, कॉलेजचे मोठे शेड रिकामे करून द्या. प्राचार्यांनी निरोप पुरता ऐकायच्या आधीच मान डोलावली.

आम्हा सगळ्यांना वाटलं, आता मॅडम पेटणार. कारण नेमकं त्याच वर्षी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मान्यता द्यायची की नाही, हे बघायला विद्यापीठाची समिती यायची होती. मान्यता मिळाली नाही तर दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी बीडला किंवा अंबाजोगाईला जायचं. पोरं कशीबशी जातील. पोरींना कुणी पाठवणार नव्हतं, हे उघड होतं. संध्याकाळी घरी येता येतं म्हणून तर त्या कॉलेजात होत्या. त्यांच्यात एक कांता होती, मॅडमच्या वर्गात नकाशा सगळ्यात आधी वाचणारी. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, फाट्यावर हाय तवर शिक, म्होरं न्हाई.

मॅडम पेटल्या नाहीत. त्या छावणीवर गेल्या, बरगड्या वर आलेली गुरं बघून आल्या आणि शेड मोकळे करायला स्वतः उभ्या राहिल्या. कडबा कुठल्या शेडमध्ये रचला म्हणजे ओल लागणार नाही, हेही त्यांनीच दाखवलं. इतिहासाचे सर म्हणाले, बाईंनी हात टेकले. मला तसं वाटलं नाही, कारण कडब्याच्या गाड्या रिकाम्या होत असताना त्या सारख्या कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होत्या. त्यातून धूर येत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं बांधाच्या वाटेने कारखान्यावर गेलो. मला त्यांनी का नेलं, हे मी विचारलं नाही. चेअरमन म्हणजे धोतर, टोपी आणि समोरच्याला आधी बोलू द्यायची सवय. त्यांच्या चेंबरमध्ये भलं मोठं टेबल, फिरती खुर्ची, भिंतीला लाकडी बाकं आणि डोक्यावर पंखा. कडब्याला जागा दिली म्हणून त्यांनी मॅडमचे आभार मानले आणि विचारलं, "आता काय मागायला आलाव, बाई?"

मॅडमनी सरळ मागितलं. हंगाम नाही, तर कारखान्याच्या इमारती बसून आहेत. संचालकांचा हॉल, पाहुण्यांच्या खोल्या, वजनकाट्याची केबिन, गाड्या उभ्या करायचे शेड, सगळं कॉलेजला द्या. चेअरमन म्हणाले, कारखान्यात कालेज भरवलं तर लोक काय म्हणतेल? मॅडम म्हणाल्या, लोकांचाच कारखाना आहे, सभासदांचीच पोरं आहेत. चेअरमननी हो म्हटलं. प्रत्येक सभेत हे वाक्य ते स्वतःच म्हणायचे.

हे मिळालं तेवढ्यावर मी उठलो असतो. मॅडम उठल्या त्या चेंबरच्या खिडकीपाशी गेल्या, बाहेर बघितलं, मग कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन जरा वेळ नुसत्या बसल्या. ही बैठक मला ठाऊक होती.

"साहेब, दुपारी तुम्ही जेवायला घरी जाता?"

"जातो की."

"आणि झोपून येता."

चेअरमननी माझ्याकडे बघितलं, जणू मीच ही खबर दिली. मॅडम म्हणाल्या, म्हणजे दुपारी ही खोली रिकामी असते.

"ह्या खोलीत मंत्री बसलेत, बाई. दुसऱ्या लई हायत. हीच कावून?"

"हिला पंखा आहे आणि दार लोटता येतं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुली सकाळी पाझर तलावाच्या कामावर दगड उचलतात, साहेब. तिथून त्या वर्गात येतात. त्यांना पाठ टेकायला भिंत लागते."

चेअरमननी टोपी काढून टेबलावर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली. मग म्हणाले, माझी झोप होईस्तोवर. मी आलो की उठायचं.

त्यानंतरचे महिने आमचं कॉलेज जसं चाललं, तसं मी पुन्हा कधी बघितलं नाही. तलावाचं दुष्काळी काम कारखान्याला लागूनच होतं आणि आमची अर्धी पोरं तिथे होती. मॅडमनी कामावरच्या मुकादमाला विचारून टोळ्यांच्या पाळ्या समजून घेतल्या आणि टाइमटेबल त्यावर बेतलं. घंटा कॉलेजची राहिली नाही, कामाची झाली. सकाळची पाळी मोडली की पोरं थेट गाड्यांच्या शेडमध्ये राज्यशास्त्राला. संचालकांच्या हॉलमध्ये अर्थशास्त्र, तेही सहकाराचं प्रकरण, समोर संचालकांचे फोटो. सरांना शिकवताना घाम फुटायचा. दुपारी तलावाच्या भरावाची सावली पडायची, तिथे एक वर्ग बसायचा आणि सावली सरकेल तसा तोही सरकायचा. फळा उचलायला दोघं नेमलेले. मला वजनकाट्याची केबिन मिळाली, तिचंही छत बुटकं होतं. एवढ्या धामधुमीत ते त्यांच्या लक्षात होतं.

मी काही देवभोळा माणूस नाही. पण त्या दिवसांत खुळखुळती पिशवी घेऊन उन्हातून या इमारतीतून त्या इमारतीत जाणारी ती किरकोळ बाई बघितली की मला वाटायचं, हिला सगळा मुलूख वरून दिसत असावा. कुठे सावली आहे, कुठे वारा आहे, कोण दमलंय, कोण येणार नाही. तिच्या जागी कुणी दुसरा असता तर त्या वर्षी कॉलेज बंद पडलं असतं आणि त्याबद्दल कुणाला कुणी दोषही दिला नसता.

समितीची तारीख कळली आणि प्राचार्यांची गाळण उडाली. अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली असते. शेजारच्या हायस्कुलातून बाकं आणायची, नव्या पाट्या रंगवायच्या, आणि एक खोली दाखवून झाली की समिती चहा पिईपर्यंत पाटी बदलून तीच पुन्हा दाखवायची. समितीलाही हे माहीत असतं. प्राचार्यांनी हायस्कुलात बोलणंही केलं होतं. मॅडमनी एवढंच विचारलं, बाकांवर बसवणार कुणाला? पोरं तलावावर आहेत. प्राचार्य म्हणाले, मग मी दाखवू काय? मॅडम म्हणाल्या, जे आहे ते. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली. कांतासारख्या पोरींचं पुढचं सगळं त्या एका शब्दावर पणाला लावत होत्या.

समिती सकाळी यायची होती, ती आली भर दुपारी. जीप वाटेत बंद पडली होती. समितीचे प्रमुख म्हणजे औरंगाबादचे एक वयस्कर, कोरडे प्राध्यापक. बरोबर दोघं. त्यांच्या स्वागतासाठी चेअरमन त्या दिवशी घरी गेलेच नव्हते. पाहुणा आला की आधी चेंबरमध्ये चहा, हा कारखान्याचा रिवाज. तो इतका अंगवळणी पडलेला की दुपारची वेळ आहे हे चेअरमनच्या लक्षात राहिलं नाही आणि सांगायची हिंमत प्राचार्यांना झाली नाही. चेअरमननी 'या, या' म्हणत स्वतःच्या हाताने दार उघडलं.

आत मॅडमचा तास रंगात आला होता. भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला नकाशा लावलेला. बाकांवर मुली दाटीने बसलेल्या, काही जमिनीवर, पाठ भिंतीला. पायांना अजून तलावाची पांढरी माती. चेअरमनच्या फिरत्या खुर्चीत कांता बसली होती. त्या खुर्चीसाठी मुलींनी आपसात पाळ्या लावल्या होत्या. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला पर्जन्यछाया कशी येते, हे मॅडम सांगत होत्या.

चेअरमनला बघून कांता ताडकन उठली. मॅडमनी मान न वळवता म्हटलं, "बस, कांता. तास संपलेला नाही."

ती बसली. त्या माणसाच्या एका शब्दावर कॉलेज होतं, मान्यता होती, आम्हा सगळ्यांची भाकर होती. समितीचे प्रमुख हळूच म्हणाले, आम्ही ऐकलं तर चालेल? मुली सरकल्या. ते तिघं बाकांवर बसले, प्राचार्य खिडकीत टेकले, मी भिंतीशी. दारात एकटे चेअरमन उरले, स्वतःच्या चेंबरच्या उंबऱ्यावर. मॅडमनी तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, आत या. मुली सरकतील."

चेअरमननी वहाणा बाहेर काढल्या आणि बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले. तास संपेपर्यंत कुणी हललं नाही.

तास सुटल्यावर प्रमुखांनी कागद काढला आणि कोरडेपणाने विचारलं, हे सगळं दुष्काळापुरतं ठीक आहे, पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला की तिसऱ्या वर्षाचा वर्ग कुठे बसेल? मला खोली लिहावी लागेल. प्राचार्य नव्या इमारतीच्या प्रस्तावाबद्दल काहीतरी बोलू लागले. चेअरमन कांताकडे बघत होते. कुणाची गं तू, त्यांनी विचारलं. तिने बापाचं नाव सांगितलं.

"म्होरल्या साली कुठं शिकशील?"

"हितं वर्ग निगाला तर शिकंन," कांता म्हणाली. "न्हाई तर मामाच्या पोराला दिली हाय."

चेअरमन प्रमुखांकडे वळले.

"लिवा. तिसऱ्या सालाला ही खोली."

"हंगाम सुरू झाल्यावरसुद्धा?"

"तवाबी."

मॅडमना मी तोवर कधी गोंधळलेलं बघितलं नव्हतं. हा हिशोब त्यांनीही धरलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "आणि साहेब, तुम्ही कुठे बसणार?"

"ते तुमी बगा, बाई," चेअरमन वहाणा पायात सरकवत म्हणाले. "माणसं लावायचं काम तुमचं हाय."

मान्यता आली. पावसाळाही त्या साली बरा झाला आणि धुराड्यातून धूर निघू लागला. कांता त्याच चेंबरमध्ये बी.ए. झाली. पुढे गेवराईकडे मास्तरीण होती, असं कळलं. मॅडमनी चेअरमनना वजनकाट्याची केबिन दिली, पण फक्त सकाळची. दुपारी ती माझी होती. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, गाडीवान खिडकीतून आत हात घालून पावत्या मागायचे आणि चेअरमन कागदांत मान घालून बसलेले असायचे. मी दाराशी उभा राहिलो की ते घड्याळाकडे बघायचे, कागद गोळा करायचे आणि उठता उठता म्हणायचे, "या सर. माझी येळ झाली."